मऊ भातावरची कुरकुरीत चिमूट

वयाची सत्तरी ओलांडली की ताटातील अन्न हळूहळू मऊ होत जाते. गुरगुट्या भात, मुगाची खिचडी, दुधीची भाजी. दातांची सोय होते, पण जिभेचे काय? उतारवयात चव आणि गंध यांची जाण मंदावते. त्यात रक्तदाबामुळे मिठावर बंधन येते. माझ्या सासूबाई चार घासांनंतर ‘पुरे’ म्हणून ताट सारीत. आम्हांस वाटे, भूक नाही. वस्तुतः रुची उरली नव्हती. एके दिवशी भातावर जवस-तिळाची कोरडी चटणी भुरभुरली आणि वाटीभर भात निमूटपणे संपला.

कृती साधी आहे. अर्धी वाटी जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजावे. पाव वाटी तीळ, पाव वाटी सुक्या खोबऱ्याचा कीस आणि चमचाभर जिरे निरनिराळे भाजावे. एकत्र भाजल्यास खोबरे करपते आणि जवस कच्चे राहते. मूठभर कढीपत्ता धुऊन, पूर्ण कोरडा करून, हाताने चुरता येईल इतका भाजावा. पानात ओल राहिली, की सारी चटणी सादळलीच म्हणून समजा! सर्व गार झाल्यावर दोन ब्याडगी मिरच्या, आमचूर आणि पाव चमचा मीठ घालून भरड वाटावे. आंबटपणामुळे मीठ कमी असल्याचे जाणवत नाही. निम्मे तीळ न वाटता शेवटी मिसळावेत; कुरकुरीतपणा त्यांचाच.

जवस अख्खे खाल्ल्यास बरेचसे न पचताच बाहेर पडते, म्हणून ते वाटणे आवश्यक. मात्र वाटलेल्या जवसाचे तेल लवकर खवट होते. त्यामुळे आठ-दहा दिवसांपुरतीच चटणी करावी व काचेच्या घट्ट बरणीत, फ्रिजमध्ये ठेवावी.

शुश्रूषा करणाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून पाहावी. जेवताना ठसका लागत असेल, पक्षाघातानंतर गिळणे अवघड झाले असेल, तर ही चटणी देऊ नये. कोरडे कण श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. कवळी असल्यास अख्खे तीळ वगळून बारीक पूड दह्यात कालवावी. मूत्रपिंडाचा विकार असल्यास अथवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. आणि चव बदलूनही वजन उतरतच राहिले, तर तपासणी लांबणीवर टाकू नये.

वाढताना चटणी भातात कालवू नये. शेवटच्या क्षणी वरून एक चमचा भुरभुरावी. सासूबाई तर बरणी स्वतःच्या हाताशीच ठेवून घेत.