नैराश्याची गोळी सुरू झाल्यावर

गेली वीस-बावीस वर्षे माझ्या दवाखान्यात येणाऱ्या एक काकू आहेत. वय बहात्तर. यजमान गेल्यानंतरच्या आठ-नऊ महिन्यांत त्या हळूहळू मिटत गेल्या. पहाटे तीनला जाग येई, ताटातले अन्न तसेच राही, देवपूजेतही मन लागेना. मुलाने आणि सुनेने त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले, हे फार योग्य केले. तेथे एस्सिटॅलोप्रॅम या औषधाची लहान मात्रा सुरू झाली. घरी जाता जाता सूनबाईंनी ती चिठ्ठी मला दाखवली. मी ती वाचली आणि म्हणालो, "करा सुरू, गुण येईल."

बाराव्या दिवशी भर दुपारी फोन आला. "डॉक्टर, आई कालपासून काहीतरी वेगळंच बोलतायत. नातवाला यांच्या नावानं हाक मारतात. सकाळी बाथरूमपाशी तोल गेला, कसंबसं धरलं." घरच्यांचा निष्कर्ष तोवर पक्का झाला होता : डोक्याच्या गोळीने डोके बिघडवले, आता ती गोळी कायमची बंद. रक्ताची तपासणी केली, तेव्हा सोडिअम ११८ निघाले. ते साधारण १३५ ते १४५ असावे लागते. काकूंच्या रक्तदाबाच्या गोळीत क्लोरथॅलिडोन हे लघवी वाढवणारे औषध होते आणि ती गोळी मीच लिहून दिलेली होती. ही दोन औषधे एकत्र आली की उतारवयात, विशेषतः स्त्रियांमध्ये, सोडिअम घसरू शकते, हे मला ठाऊक होते. चिठ्ठी हातात असताना मात्र ते माझ्या ध्यानात आले नाही. चार दिवस रुग्णालयात काढून काकू भानावर आल्या.

गोळी बंद करण्याचा घरच्यांचा निर्णय त्या क्षणापुरता बरोबरच होता. परंतु कायमची बंद झाली असती, तर काकू पुन्हा त्याच पहाटेच्या तीन वाजता येऊन पोहोचल्या असत्या. नैराश्याच्या औषधांबाबत आपल्याकडे दोनच मार्ग मानले जातात, सोसा किंवा सोडा. या दोहोंच्या मधे करण्यासारखे पुष्कळ असते. हा लेख त्याविषयी आहे.

आधी त्रास, मग गुण

या औषधांचा स्वभाव थोडा उलटा आहे. ताप उतरवणारी गोळी तासाभरात गुण दाखवते. नैराश्याची गोळी त्रास पहिल्या आठवड्यात देते आणि गुण दाखवायला दोन ते चार आठवडे घेते. वृद्धांमध्ये तर कधी सहा-आठ आठवडेही लागतात. बहुसंख्य रुग्ण गोळी सोडतात ते नेमके या मधल्या दिवसांत. "घेऊन पाहिली, मानवली नाही" असे सांगणाऱ्यांना मी नेहमी विचारतो, किती दिवस घेतली? उत्तर बहुधा आठ-दहा दिवस असेच येते.

सर्वांत सामान्य तक्रार मळमळीची. ज्या सेरोटोनिनवर यांतील बरीच औषधे काम करतात, त्याचा फार मोठा वाटा मेंदूत नसून आतड्यांत असतो. त्यामुळे पोट प्रथम कुरकुरते. गोळी न्याहारीनंतर किंवा जेवणानंतर घ्यावी. सुरुवातीला अर्धी मात्रा घेऊन हळूहळू वाढवता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. वृद्धांसाठी तोच शहाणा मार्ग आहे. मळमळ, डोकेदुखी, पातळ शौच हे त्रास बहुधा एक-दोन आठवड्यांत ओसरतात. झोप उडत असेल तर गोळी सकाळी घ्यावी, झोप येत असेल तर रात्री. वेळेचा एवढा बदलसुद्धा डॉक्टरांना कळवून केलेला बरा, पण विचारण्यास संकोच नको. काहींना पहिल्या दिवसांत जिवाची घालमेल वाढल्यासारखी वाटते, एका जागी बसवत नाही. ही तक्रार मात्र पुढच्या भेटीपर्यंत ठेवू नये, त्याच दिवशी कळवावी.

येथे एक गोष्ट सांगून टाकतो. ड्युलॉक्झेटिन किंवा अमिट्रिप्टिलिन ही औषधे मधुमेहामुळे पायांची होणारी आग, नसांचे दुखणे यांसाठीही दिली जातात. एक निवृत्त मुख्याध्यापक मोबाइलवर गोळीचे नाव शोधून माझ्याकडे रागावून आले होते, "मी पाय दुखतात म्हणून गेलो, आणि मला वेड्यांचं औषध दिलं!" त्यांना समजावण्यात माझा अर्धा तास गेला. नैराश्य म्हणजे वेड नव्हे, हे समजावण्यात त्यातला पाऊण भाग.

सोडिअमची गोष्ट

काकूंना झालेला त्रास विरळा असला तरी ओळखता आला पाहिजे, म्हणून थोडा विस्तार करतो. या गोळ्यांमुळे काही रुग्णांच्या शरीरात पाणी धरून ठेवणारे संप्रेरक अधिक स्रवते. पाणी साठते, रक्त पातळ होते, सोडिअमचे प्रमाण घटते. हे बहुधा पहिल्या दोन ते चार आठवड्यांत घडते. त्यात लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, शरीरयष्टी कृश असेल, तर धोका वाढतो. प्रथम थकवा, मळमळ, डोके जड होणे, पुढे गुंगी, असंबद्ध बोलणे, तोल जाणे, टोकाला फिट. ही लक्षणे नैराश्यासारखी किंवा स्मृतिभ्रंशासारखी भासतात, म्हणूनच फसगत होते. चार दिवसांपूर्वी व्यवस्थित बोलणारी व्यक्ती अचानक गोंधळली, तर ते म्हातारपण नव्हे. म्हातारपण चार दिवसांत येत नाही.

गोळी सुरू करण्यापूर्वी एकदा आणि सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांत एकदा रक्तातील सोडिअम तपासून घ्यावे. ही साधी तपासणी तालुक्याच्या प्रयोगशाळेतही होते. डॉक्टरांनी सुचवली नाही, तर तुम्ही विचारा. माझ्यासारखा डॉक्टरही विसरतो.

सोडिअम कमी झाले असे कळताच घरोघरी मिठाचे पाणी पाजण्याची घाई होते. ती करू नये. मूळ दोष बहुधा मीठ कमी पडल्याचा नसून पाणी साठल्याचा असतो, आणि रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्या व्यक्तीला ते पाणी आणखी अपाय करते. उपचार रुग्णालयात, सावकाश व्हावे लागतात. सोडिअम घाईने वाढवले तरी मेंदूला इजा होते. उलट बाजूची अतिशयोक्तीही पाहतो. रक्तदाब निघाला म्हणून लोणचे-पापडच नव्हे, तर आमटीतले मीठसुद्धा बंद, आणि कोणाच्या तरी संदेशावरून रोज तीन-चार लिटर पाणी. उतारवयात ही जोडी धोक्याची आहे.

रात्रीचा बाथरूम आणि गुडघ्याची गोळी

वृद्धांच्या बाबतीत मला सर्वाधिक भीती पडण्याची वाटते. खुब्याचे हाड मोडले की पुढचे वर्ष कसे जाते, ते ज्यांनी घरात पाहिले आहे त्यांना सांगायला नको. नैराश्यावरील जवळपास सर्वच औषधांनी पडण्याचा धोका थोडाफार वाढतो. आपल्याकडे त्यात एक भर पडते. एस्सिटॅलोप्रॅमसोबत क्लोनाझेपॅम हे झोपेच्या वर्गातले औषध एकाच गोळीत मिळते आणि ती जोडगोळी सर्रास लिहिली जाते. पहिल्या काही दिवसांपुरता तिचा उपयोग होतो. परंतु तीच चिठ्ठी वर्षानुवर्षे औषधाच्या दुकानात फिरत राहिली, तर दिवसा पेंग, रात्री झोकांड्या आणि विसरभोळेपणा पदरी येतो. शिवाय क्लोनाझेपॅमची खरीखुरी सवय लागते. तुमच्या गोळीच्या वेष्टनावर दोन औषधांची नावे आहेत का, हे नातवंडांकडून वाचून घ्या. दोन असतील तर दुसऱ्याची गरज अजून आहे का, हे विचारा. स्वतःहून मात्र ती एकाएकी बंद करू नका. क्लोनाझेपॅम सावकाशच उतरवावे लागते.

अंथरुणातून उठताना आधी कडेवर दोन मिनिटे बसावे, पाय हलवावेत, मग उभे राहावे. बाथरूमपर्यंत रात्री मंद दिवा असावा, मधे पायपुसणे सरकणारे नसावे. उभे राहिल्यावर रक्तदाब किती घसरतो, हे डॉक्टरांकडून एकदा मोजून घ्यावे.

रक्तस्रावाचा मुद्दा फारसा कोणाला ठाऊक नसतो. रक्त गोठवणाऱ्या पेशींनाही सेरोटोनिन लागते. त्यामुळे हृदयासाठी अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असणाऱ्या, आणि गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन मनाने घेणाऱ्या व्यक्तीला नैराश्याची गोळी सुरू झाली की जठरातून रक्त जाण्याची शक्यता वाढते. शौचाला डांबरासारखी काळी होणे ही त्याची खूण. गुडघ्यांसाठी काय घ्यावे, याचा निर्णय अशा वेळी औषधविक्रेत्यावर सोडू नये. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेले खोकल्याचे औषध यांचेही या गोळ्यांशी जमत नाही. थरथर, घाम, ताप, छातीत धडधड, कमालीची अस्वस्थता असे सारे एकत्र दिसले, तर थेट रुग्णालय गाठावे.

हृदयाची लय बिघडण्याचा धोका सिटॅलोप्रॅमबाबत विशेष आहे. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१२ मध्ये साठीपुढील रुग्णांसाठी त्याची मात्रा दिवसाला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावी, असे स्पष्ट केले. हृदयविकार असेल तर आधी ईसीजी काढून घेणे इष्ट.

अमिट्रिप्टिलिन, इमिप्रॅमिन ही जुन्या पिढीची औषधे. ती आजही उपयोगी आहेत, पण वृद्धांना जपून द्यावी लागतात. तोंडाला कोरड पडते, आणि कवळी वापरणाऱ्यांना ती टोचू लागते. पुष्कळदा बिचारा दंतवैद्य दोषी ठरतो. घोट घोट पाणी, बिनसाखरेची गोळी चघळणे, मद्य-तंबाखू टाळणे याने बरे वाटते. बद्धकोष्ठतेसाठी इसबगोल, पालेभाज्या आणि रोजचे चालणे. मात्र प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाची लघवी अडली, किंवा डोळा लाल होऊन दुखू लागला व दिव्याभोवती वलये दिसू लागली, तर तो घरगुती उपायांचा विषय नाही. काचबिंदू आणि प्रोस्टेट यांची माहिती औषध लिहिण्यापूर्वीच सांगावी.

लैंगिक इच्छा कमी होणे हाही या औषधांचा वारंवार आढळणारा परिणाम आहे. साठी-सत्तरीतील जोडप्यांना हे विचारायला डॉक्टर कचरतात आणि सांगायला रुग्ण. मग गोळी गुपचूप बंद होते. मात्रा किंवा औषध बदलून यावर मार्ग निघतो, एवढे लक्षात असू द्यावे.

गोळी संपली तेव्हा

मुलाकडे परदेशी गेलेल्या एका आजोबांनी सोबत नेलेल्या गोळ्या संपल्यावर "आता बरं वाटतंय" म्हणून सोडून दिल्या. तिसऱ्या दिवसापासून चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्ने आणि डोक्यात विजेचा झटका बसल्याची जाणीव. मुलाला वाटले, पक्षाघात. तसे काही नव्हते. गोळी एकाएकी तोडल्याने मज्जासंस्था अशी कुरकुरते. पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन यांच्याबाबत अधिक, शरीरात दीर्घकाळ टिकणाऱ्या फ्लुऑक्सेटिनबाबत कमी. याला व्यसन म्हणत नाहीत. या गोळीची तलफ येत नाही, मात्रा वाढवत न्यावीशी वाटत नाही. परंतु थांबवताना पायरी-पायरीने उतरावे लागते, कधी काही आठवडे, कधी काही महिने. बरे वाटू लागल्यावरही साधारण सहा ते बारा महिने औषध चालू ठेवावे लागते, आणि पूर्वी नैराश्य येऊन गेले असेल तर त्याहूनही अधिक. प्रवासाला निघताना पुरेशा गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी, दोन्ही हातातल्या पिशवीत ठेवावे.

घरातील माणसांनी डॉक्टरांकडे जाताना चिठ्ठ्यांची फाइल नव्हे, तर घरातल्या सगळ्या औषधांची पिशवीच घेऊन जावी : रक्तदाबाच्या, गुडघ्याच्या, आयुर्वेदिक, शेजाऱ्यांनी दिलेल्या, सगळ्या. फाइलमध्ये जे नसते ते पिशवीत सापडते. आणि रुग्ण "आता जगून काय करायचं" असे बोलू लागला, तर ते वयाचे बोलणे म्हणून सोडू नये. त्याला एकटे ठेवू नये, गोळ्या आपल्या ताब्यात घ्याव्यात आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा विनाशुल्क क्रमांक कोणत्याही वेळी लावता येतो, आणि तेथे मराठीत बोलता येते.

काकूंचे औषध तज्ज्ञांनी बदलले. मिर्टाझापिन सुरू केले. त्याने झोप लागते, भूकही वाढते. रक्तदाबाची गोळी मी बदलली. सूनबाईंनी स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर, दुधाच्या हिशोबाशेजारी, रोजची एक ओळ लिहायला सुरुवात केली : किती झोपल्या, किती जेवल्या, चक्कर आली का. दर महिन्याला त्या पानाचा फोटो मला दाखवतात. पहिल्या महिन्यात बहुतेक चौकोनांत "अर्धी पोळी" होते. परवाच्या पानावर एका गुरुवारी लिहिले होते, "दोन पोळ्या. आमटीत मीठ कमी म्हणून रागावल्या."