लाखेच्या तबकड्या व त्या घरीं वाजविण्याचीं साधनें

ऐतिहासिक साधनें म्हटलीं कीं कागद, ताम्रपट, नाणीं व शिलालेख हींच आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु नागपुरांत महाल, इतवारी वा सीताबर्डी येथील एखाद्या जुन्या घरचा माळा झाडूं लागलें असतां दप्तरांच्या रुमालांशेजारीं ज्या काळ्या, जड तबकड्या हातीं लागतात, त्याहि साधनांतच मोडतात. किंबहुना एका अर्थीं त्या कागदाहूनहि नाजूक होत. मोडी पत्र दहा वेळां वाचलें म्हणून त्याची शाई पुसत नाहीं. तबकडी मात्र प्रत्येक वाचनानें कांहीं अंशीं झिजते. वाजविण्याचें यंत्र वाईट असेल तर एकाच वेळीं तिचें कायमचें नुकसान होतें. यास्तव ती घरीं कशावर वाजवावी हा प्रश्न केवळ हौसेचा नसून साधनसंरक्षणाचा आहे.

प्रथम तबकडीचें द्रव्य पाहूं. वारणावताचें जतुगृह ज्या लाक्षेनें रचिलें, तीच ही लाख. पळस, कुसुंब इत्यादि वृक्षांवरील सूक्ष्म कीटक ती निर्माण करितात. भंडारा-गोंदियाकडील रानांतहि ती मिळते. तबकडीसाठीं या लाखेंत दगडाची बारीक पूड, काजळी व कापसाचे तंतु मिसळीत. पूड घालण्याचे हेतु दोन: पदार्थास काठिण्य यावें, आणि पोलादी सुईचें टोंक घासून खांचेच्या आकाराचें व्हावें. म्हणजे सुईचें झिजणें यंत्ररचनेंत गृहीतच होतें. म्हणूनच प्रत्येक बाजूस नवी सुई लावण्याचा दंडक होता. तो मोडला कीं झिजलेल्या सुईची धार खांचेच्या भिंती तासूं लागते.

पोथीच्या संग्राहकांस तबकडींत एक ओळखीची गोष्ट आढळेल. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग यांनीं १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजानचा आवाज मुद्रित केला. १९०८ सालीं सियालदह येथें कारखाना निघेपर्यंत अशा तबकड्या जर्मनींतील हॅनोव्हर येथें छापून येत. तेथील कारागिरांस ओळख पटावी म्हणून गायक चीज संपतांच आपलें नांव उच्चारीत. ही तबकडीची पुष्पिकाच होय. लेबलाभोंवतींच्या मोकळ्या जागेंत कोरलेला मुद्रणक्रमांकहि तितक्याच महत्त्वाचा. तबकडी वाजविण्यापूर्वीं तो टिपून ठेवावा.

आतां यंत्रांकडे वळूं. चावीच्या जुन्या ग्रामोफोनचा मोह संग्राहकांस स्वाभाविक आहे. पण त्याच्या ध्वनिपेटीचा भार खांचेवर शंभर ग्रॅम वा त्याहूनहि अधिक पडतो. आजच्या हलक्या भुजेचा भार सामान्यतः दोन ते पांच ग्रॅम असतो. खरा जुना ग्रामोफोन घरीं असल्यास जिच्या अनेक प्रती उपलब्ध आहेत अशीच तबकडी त्यावर वाजवावी, दुर्मिळ तबकडी कदापि वाजवूं नये. शिवाय बाजारांत चकचकीत पितळी कर्णा व प्रख्यात नाममुद्रा लावून जे ‘पुरातन’ ग्रामोफोन विकले जातात, त्यांतील पुष्कळ अलीकडे जुळविलेले असतात. नवी लांकडी पेटी, पातळ पत्र्याचा कर्णा आणि तबकडीच्या मध्यापर्यंत नीट न पोंचणारी भुजा हीं त्यांचीं लक्षणें. बनावट सनद पारखणाऱ्यानें येथेंहि तीच सावधगिरी बाळगावी. पेटींत बसविलेलीं स्वस्त विजेचीं यंत्रेंहि, त्यांच्या भुजेचा भार कमीजास्त करतां येत नसल्यानें, आमच्या मतें टाळावींत.

म्हणून चांगला विद्युत्-टर्नटेबल घ्यावा हें उत्तम. तो निवडतांना तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट वेग. मिनिटास ७८ फेरे हा आंकडा सर्वत्र सत्य नाहीं. आरंभींच्या काळांत मुद्रणाचा वेग ७० पासून ८० च्या पुढेंपर्यंत आढळतो. ७८ चा वेग सुमारें ८२.६ झाला तर सर्व स्वर एका अर्धस्वरानें चढतात. पांढरी चारमध्यें गाइलेली चीज काळी तीनमध्यें ऐकूं येते. अशा श्रवणावरून एखाद्या गायकाच्या पट्टीविषयीं कोणीं सिद्धान्त मांडला तर तो चुकीच्या पाठावरच उभा राहील. यास्तव ज्याचा वेग दोन्ही बाजूंस किमान दहा टक्के बदलतां येतो असाच टर्नटेबल घ्यावा. वेग तपासण्यास ७७ पट्ट्यांची चकती तबकडीवर ठेवून जुन्या पद्धतीच्या दिव्याखालीं पाहावी. आपल्याकडील ५० आवर्तनांच्या विजेवर पट्ट्या स्थिर दिसल्या कीं वेग ७७.९२ आहे असें समजावें.

दुसरी गोष्ट सुई. लाँगप्ले तबकडीची सुई सुमारें १८ मायक्रॉन त्रिज्येची असते, तर लाखेच्या तबकडीस सुमारें ७६ मायक्रॉन त्रिज्येची लागते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. लहान सुई खांचेच्या तळाशीं पडते आणि तेथील धूळ व चरे वाचते. खांच झिजलेली असल्यास किंचित् कमीजास्त त्रिज्येची सुई लावून पाहावी. ती भिंतीचा न झिजलेला भाग गांठते. एकाच ओळीवर भिन्न उजेडांतून पाहिल्यानें पुसट अक्षर उलगडतें, तसाच हा प्रकार आहे.

तिसरी गोष्ट ध्वनिसंस्कार. आजच्या सामान्य फोनो प्रीअँपमध्यें १९५० नंतरच्या दशकांत रूढ झालेल्या नियमाप्रमाणें उंच स्वर दाबले व खालचे उचलले जातात. लाखेच्या तबकड्यांस तो नियम लागू पडत नाहीं. विशेषतः १९२५ सालीं विद्युत्-मुद्रण सुरू होण्यापूर्वींच्या तबकड्या केवळ कर्ण्यांतून आंकल्या आहेत. म्हणून ज्यांत हा संस्कार बंद करतां वा बदलतां येतो असा प्रीअँप घ्यावा, आणि दोन्ही वाहिन्या जोडून ध्वनि एकमार्गी करावा. खांचेंतील उभी खरखर त्यायोगें पुष्कळ नाहींशी होते.

तबकडी धुतांना स्पिरिट मुळींच वापरूं नये. लाख त्यांत विरघळते. ऊर्ध्वपातित पाण्यांत सौम्य साबणाचा एखादा थेंब टाकून मऊ कुंचल्यानें खांचेच्या दिशेनें धुवावें, लेबल कोरडें राखावें. आपल्या वैशाखांत पारा ४५ अंशांपुढें जातो, तेव्हां पश्चिमेच्या भिंतीशीं तबकड्या ठेवूं नयेत. आडव्या रचल्यास त्या वांकतात, म्हणून उभ्याच ठेवाव्यात.

अखेरची सूचना प्रतीविषयीं. वाजवितांनाच संगणकावर नक्कल घ्यावी. २४ बिट व सेकंदास ९६,००० नमुने हें प्रमाण योग्य. खरखर काढलेली प्रत वेगळी करावी, मूळ नक्कल जशीच्या तशी राखावी, आणि मुद्रणक्रमांक, वेग व सुईची त्रिज्या तिच्यासोबत नोंदवावी. डॉ. ग्रियर्सन यांच्या भाषापाहणीच्या निमित्तानें हिंदुस्थानांतील अनेक बोलींच्याहि तबकड्या निघाल्या होत्या. तेव्हां गाण्याची आवड नसलेल्या संशोधकानेंहि या साधनाची उपेक्षा करूं नये. ज्यांच्या घरीं अशा तबकड्या असतील त्यांनीं त्यांची यादी निदान एकदां करून ठेवावी, म्हणजे कोणती प्रत एकमेव आहे हें कळेल आणि ती आधीं वांचवितां येईल.