कॅबिनेटची बाजू उघडी ठेवावी का?

आज प्रोसेसरला लावायच्या पेस्टवर लिहायचं ठरलं होतं. ट्यूबा टेबलावर मांडूनही ठेवल्या होत्या. पण ‘तापमान मोजताना कॅबिनेट बंदच असू द्या’ या गेल्या रविवारच्या लेखातल्या ओळीवर अकोल्याच्या एका वाचकांनी असा प्रश्न धाडला आहे की तो बाजूला ठेवून पुढे जाववत नाही. ते लिहितात, ‘माझ्या कॅबिनेटची डावी बाजू दोन वर्षांपासून काढलेलीच आहे. खोलीत ३८ अंश असतात. बाजू लावली की प्रोसेसर ८८ वर जातो, काढली की ७४ वर येतो. टेबलफॅन लावला तर आणखी खाली. मग बंद ठेवायचं कशासाठी?’

चौदा अंश म्हणजे थोडेथोडके नव्हेत, आणि त्यांचं मोजमापही बरोबर आहे. मी स्वतः हेच केलेलं आहे. २००४ साली लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून मी पेंटियम फोर जोडला, तो प्रेस्कॉट जातीचा. त्या जातीच्या वरच्या मॉडेलांचा उष्णतेचा आकडा ११५ वॅटपर्यंत गेला होता. माझा त्यातला खालचाच होता, तरी एप्रिल लागला की त्याचा पंखा असा घोंघावायचा की शेजारच्या खोलीत झोप लागेना. त्या कॅबिनेटची बाजू तीन उन्हाळे कपाटामागे उभी होती.

गंमत म्हणजे इंटेललाही तेव्हा हाच उपाय सुचला होता, फक्त जरा शहाणपणाने. कॅबिनेट बनवणाऱ्यांसाठी त्यांनी एक दंडक घातला: खोलीत ३५ अंश असताना प्रोसेसरच्या पंख्यापाशी पोचणारी हवा ३८ च्या वर जाता कामा नये. म्हणजे डब्याला सूट अवघी तीन अंशांची! ते साधायला कॅबिनेटच्या बाजूला बरोबर प्रोसेसरसमोर जाळीचं भोक पाडायचं आणि आतून नरसाळं बसवायचं. तेव्हाचं एखादं कॅबिनेट तुमच्या माळ्यावर पडलं असेल तर खाली काढून पाहा. आतल्या बाजूला चार स्क्रूंवर बसवलेलं, पुढेमागे सरकवता येणारं काळं प्लास्टिकचं नरसाळं दिसेल. कित्येकांनी ते आड येतं म्हणून काढून टाकलं. बाहेरची ताजी हवा थेट प्रोसेसरच्या तोंडी देणं, एवढंच त्याचं काम होतं. अकोल्याच्या वाचकांनी भोक न पाडता सगळी भिंतच काढली.

आता त्यांचे ८८ अंश फोडून पाहू. प्रोसेसरचं तापमान म्हणजे तीन मजली बेरीज असते. तळाला खोली, ३८. त्यावर डब्याचा मजला, म्हणजे आतली हवा खोलीपेक्षा किती तापली ते. सगळ्यात वर कूलरचा मजला, म्हणजे प्रोसेसर त्या हवेपेक्षा किती गरम राहतो ते. बाजू काढली की मधला मजला जवळपास नाहीसा होतो, समजा दोन अंश उरतो. मग वरचा निघाला ३४ अंशांचा. ३८ अधिक २ अधिक ३४, झाले ७४. बंद डब्यात वरचे ३४ तेवढेच राहतात, कारण कूलर तोच आणि काम तेच. म्हणजे ८८ मध्ये डब्याचा वाटा १६ अंश.

हे १६ येतात कुठून, तेही मोजता येतं. ग्राफिक कार्डासकट जोरात खेळ चालू असेल तर संगणक ३०० वॅट सहज ओकतो. डब्यातून मिनिटाला ५० घनफूट हवा गेली तर ती बाहेर पडेपर्यंत साधारण ११ अंशांनी तापते. हवा निम्मी झाली की वाढ दुप्पट, २२. पंख्याच्या खोक्यावर छापलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो. पुढे जाळी, फिल्टर आणि बंद काच आली की त्यातलं निम्मं हाती लागलं तरी पुष्कळ. १२० मिलिमीटरचे तीन पंखे लावूनही डबा कोंडलेला राहू शकतो, तो असा.

मग बाजू काढून मोकळं व्हावं की! माझं उत्तर तरीही ‘नको’ असंच आहे, आणि कारण डोळ्यांनी पाहण्याजोगं आहे. त्यासाठी एक उदबत्ती लागते. कॅबिनेटला काचेची बाजू लावा, पेटती उदबत्ती पुढच्या जाळीपाशी धरा. धूर आत ओढला जातो, ग्राफिक कार्डावरून जातो, प्रोसेसरला वळसा घालतो आणि मागच्या पंख्यातून निघून जातो. आता काच काढा आणि पुन्हा धरा. धूर आत शिरतो, चार बोटं पुढे जातो आणि उघड्या बाजूने रेंगाळत बाहेर पडतो. मागचा पंखा फिरतोच आहे, पण ओढणारा पंखा चहूबाजूंनी हवा घेतो. त्याला जवळची उघडी बाजू मिळाली की दूरच्या जाळीतून तो कशाला ओढेल? राख मात्र बाहेरच, बशीत झाडा.

प्रोसेसरला स्वतःचा पंखा आहे, त्याचं उघड्यावरही भागतं. प्रोसेसरला वीज पुरवणारे मदरबोर्डवरचे भाग, रॅम, एसएसडी, पुढच्या कप्प्यातली हार्ड डिस्क यांना बहुधा पंखा नसतो. ते जगतात डब्यातून जाणाऱ्या वाऱ्यावर. बाजू काढली की तो वारा मोडतो, आणि आपण मात्र प्रोसेसरचा आकडा पाहून खूश असतो. वर धूळ, उंदीर, पाल, लहान मुलांची बोटं हे वेगळंच.

ॲपलचा २००३ चा पॉवर मॅक जी फाइव्ह मला या बाबतीत फार आवडतो. आत चार वेगळे कप्पे, नऊ पंखे, आणि ॲल्युमिनियमच्या दाराआड आणखी एक पारदर्शक प्लास्टिकचं झाकण. यंत्र चालू असताना ते झाकण काढलं की सगळे पंखे एकदम गर्जायला लागत. वाऱ्याची वाट मोडली, हे यंत्राला कळत होतं! सर्व्हरचंही तसंच. चालू सर्व्हरचं झाकण फार वेळ उघडं ठेवू नका, असं त्यांच्या पुस्तिकांत लिहिलेलं असतं.

खरं म्हणजे अकोलेकरांना हे मी सांगायची गरज नाही. उन्हाळ्यात खिडकीला कूलर लावला की समोरचं दार किलकिलं ठेवावं लागतं, हे तिथल्या पोरासोरांना माहीत असतं. दार बंद राहिलं तर खोली दमट होते, अंग चिकचिकतं आणि वाळ्याचा वासही नकोसा होतो. आत येणाऱ्या हवेला बाहेर जायची वाट हवी, आणि ती समोरच्या बाजूला हवी. कॅबिनेटचं सारं शास्त्र त्या किलकिल्या दारात आहे. (त्यांचा जोडप्रश्न होता की कूलरचा झोत थेट उघड्या कॅबिनेटवर सोडला तर? नको. खोली गार होऊ द्या, तळमजला जितका उतरेल तितके वरचे आकडे आपोआप उतरतील. पण झोतासोबत येणाऱ्या ओलाव्याने हीटसिंकच्या पात्यांवरची धूळ चिखलासारखी थापली जाते आणि मग ती ब्लोअरलाही दाद देत नाही.)

तेव्हा बाजू काढावी ती परीक्षेपुरती. बाजू लावून संगणकाला अर्धा तास जड काम द्या, आकडा लिहा. बाजू काढून तेच काम, तेवढाच वेळ, खोलीचं तापमान तेच. फरक तीन ते पाच अंश आला तर डबा ठीक आहे, उगाच पंखे विकत घेऊ नका. दहाच्या वर गेला तर डबा गुदमरतो आहे, आणि कुठे, ते शोधायचं.

अकोल्याहून मी फोटो मागवले. आले, आणि दुसऱ्याच फोटोत चोर सापडला. पुढचा पंखा उलटा बसवलेला होता. पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरून ठेवणाऱ्या आडव्या दांड्या आणि मधे स्टिकर असतं, त्या बाजूने हवा बाहेर पडते. इथे दांड्या जाळीकडे होत्या. म्हणजे पुढचाही पंखा हवा बाहेर फेकत होता आणि मागचाही. बिचाऱ्या डब्याला हवा मिळत होती ती फटींमधून, कार्डांच्या रिकाम्या खाचांमधून, यूएसबीच्या भोकांमधून. त्या भोकांभोवती धुळीचे काळे ओघळ फोटोत स्पष्ट दिसत होते. हवा कुठून शिरते हे धूळ लिहून ठेवत असते, वाचायची सवय लावून घ्या.

चार स्क्रू काढले, पंखा फिरवला, चार स्क्रू लावले. पुढची फिल्टरची जाळी नळाखाली धुऊन, पूर्ण वाळवून बसवली. परवा त्यांचा निरोप आला: खोलीत ३८ च, बाजू बंद, प्रोसेसर ७७. उघडून ७४. मधला मजला सोळावरून पाचावर आला, आणि खर्च शून्य.

उरले वरचे ३४ अंश. ते कूलर आणि पेस्ट यांच्या खात्यातले. ट्यूबा अजून टेबलावरच आहेत, पुढच्या रविवारी त्या उघडतो.