चढापेक्षा उतार जपावा

पुण्यात पर्वतीच्या १०३ पायऱ्या सकाळी चढणाऱ्यांत ज्येष्ठ मंडळी पुष्कळ असतात. चढताना धाप लागते, म्हणून माणूस आपोआप थांबतो, विसावतो. उतरताना श्वास साथ देतो आणि सावधपणा सुटतो. वास्तविक गुडघ्यांची कसोटी उतारावरच लागते. मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार सावरतात, गुडघ्याच्या वाटीवरील दाब वाढतो. टेकडीवरून आल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, त्या बहुधा उतरण्यामुळे.

फिरण्याच्या सवयीलाही असेच चढ-उतार असतात. काही महिने पावले उत्साहाने पडतात. मग कधी ताप येतो, कधी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होते, कधी पावसाळ्यातल्या शेवाळावरून पाय घसरतो. हाड मोडत नाही, पण मन धसकते. मुले काळजीने सांगतात, "बाबा, आता बाहेर जाऊ नका." हा सल्ला सुरक्षित वाटतो, परंतु तो पुरता खरा नाही. चालणे थांबले की पायांतील बळ आणि तोल उणावतो, त्यामुळे पडण्याचा धोका वाढतो आणि त्या भीतीने चालणे आणखी कमी होते. हे चक्र वेळीच तोडावे लागते.

म्हणून पडल्यानंतर "फिरावे की नाही" यापेक्षा "पडलो कशामुळे" हा प्रश्न आधी विचारावा. चपलेचा तळ झिजला होता का? रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळीने उभे राहताना भोवळ येते का? जवळचे आणि दूरचे अशा दोन्ही नंबरांचा चष्मा असल्यास खालच्या भागातून पायरी धूसर दिसते, हे अनेकांच्या ध्यानातही येत नाही. पडल्याची गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये.

डॉक्टरांची संमती मिळाल्यावर सपाट रस्त्यावर, सोबतीने, दहा मिनिटांपासून आरंभ करावा. पूर्वी किती चालत होतो, याची तुलना नको. दिवसाला १०,००० पावलांचा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमधील पावले मोजण्याच्या एका यंत्राच्या नावातून रूढ झाला. तो वैद्यकीय दंडक नव्हे. जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांना आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचवते. तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायामही सांगते. एवढे जमत नसेल तर जमेल तेवढे करावे. चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, ही मध्यम श्रमाची साधी खूण.

काठी घेण्यात कमीपणा नाही. ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि कठडा हाती असावा. हिवाळ्यात पहाटेची हवा शहरात धुरकट असते. ऊन चढू लागल्यावर निघणे बरे. मधुमेह असल्यास खिशात साखर ठेवावी आणि परतल्यावर तळपाय पाहावेत. छातीत दडपण, घाम किंवा नेहमीपेक्षा अधिक धाप जाणवल्यास तिथेच थांबून तातडीने मदत मागावी.

घरच्यांना एक विनंती. आई-वडिलांना घरात बसवून ठेवणे म्हणजे त्यांना जपणे नव्हे. आठवड्यातून दोन दिवस त्यांच्यासोबत निघा, त्यांच्या गतीने चाला आणि पायरी आली की हात न ओढता नुसता पुढे करा. धरायचा की नाही, ते त्यांना ठरवू द्या.

आणि वाचकहो, एखाद्या दिवशी कोपऱ्यावरच्या बाकापर्यंतच जाणे झाले, तर खंत नको. तिथे घटकाभर बसावे, ओळखीच्यांशी दोन शब्द बोलावे आणि सावकाश परतावे. उद्या निघण्याची इच्छा शिल्लक असली, म्हणजे आजचे फिरणे पुरेसे झाले.