ओघवते वाचन

मजकूर अचूक, योग्य गतीने आणि अर्थानुरूप आरोह-अवरोहांसह वाचण्याच्या क्षमतेस ओघवते वाचन म्हणतात. अक्षरओळख आणि अर्थग्रहण यांना जोडणारा हा दुवा मानला जातो. अमेरिकेतील राष्ट्रीय वाचन मंडळाच्या २००० सालच्या अहवालात वाचनशिक्षणाच्या पाच प्रमुख घटकांमध्ये त्याचा समावेश आहे.

महत्त्व

डेव्हिड लाबर्ज व जे सॅम्युएल्स यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार मनुष्याची अवधानशक्ती मर्यादित असते. ती प्रत्येक अक्षर उलगडण्यातच खर्ची पडली, तर अर्थासाठी उरत नाही. त्यामुळे अडखळत वाचणारे मूल वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत त्याचा आरंभ विसरते. अशा मुलास इतर विषयांची पुस्तकेही दुर्बोध वाटू लागतात.

मराठीतील वैशिष्ट्ये

देवनागरीत स्वरचिन्हे अक्षराच्या वर, खाली, मागे व पुढे येतात. जोडाक्षरे आणि रफार येथे नवशिक्या वाचकाची गती मंदावते. 'जग' हा शब्द 'दुनिया' आणि 'जिवंत राहा' या दोन अर्थांनी वेगवेगळ्या उच्चारांनी वाचला जातो. येथे उच्चार संदर्भावरूनच ठरतो. विरामाचेही तसेच आहे : 'आजी आली नाही, गेली' आणि 'आजी आली, नाही गेली' यांत शब्द तेच असूनही अर्थ उलट होतो.

अध्यापनपद्धती

* आदर्श वाचन : शिक्षक योग्य विराम घेऊन प्रकट वाचन करतात, विद्यार्थी मजकुरावर बोट ठेवून ऐकतात.
* पुनर्वाचन : छोटा उतारा ओघ येईपर्यंत पुन्हा पुन्हा वाचला जातो. सॅम्युएल्स यांनी ही पद्धत १९७९ मध्ये मांडली.
* सहवाचन व जोडीवाचन : संकोची मुलास सोबत्याच्या आवाजाचा आधार मिळतो.
* नाट्यवाचन : संवाद पात्रानुरूप वाचल्याने पुनर्वाचनास प्रयोजन लाभते.

उतारा मुलाच्या आवाक्यातील असावा लागतो. अनेक शब्द अपरिचित असल्यास पुनर्वाचनाचे पाठांतर होते.

मूल्यमापन

एका मिनिटात अचूक वाचलेल्या शब्दांची संख्या हे प्रचलित माप आहे. भारत सरकारच्या २०२१ मधील 'निपुण भारत' अभियानात इयत्ता तिसरीसाठी अर्थासह मिनिटाला किमान ६० शब्द हे लक्ष्य आहे. मात्र केवळ घड्याळावर भर दिल्यास मुले विरामचिन्हे ओलांडून धावू लागतात. म्हणून वाचनानंतर आशयावर प्रश्न विचारणे किंवा गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगण्यास लावणे आवश्यक ठरते.