इमारतींचं ऊर्जागणित : भाग ७
आधी भार हलका, मग यंत्र

मागच्या भागात आपण भिंती, छत आणि काचांमधून उष्णता कशी आत-बाहेर होते ते पाहिलं. आता पुढचा प्रश्न. जुन्या इमारतीत सुधारणा करायची, तर हात आधी कशाला घालायचा? समजा, काचवाला, दिवेवाला आणि एसीवाला, तिघंही वीस-वीस टक्के बचतीची हमी देतात. तिघांचं मिळून साठ टक्के होतात का? होत नाहीत. दिवे बदलले की त्यांची उष्णता कमी होते, त्यामुळे उन्हाळ्यात एसीचं काम हलकं होतं, पण थंड प्रदेशात हिवाळ्यात हीटरचं काम वाढतं. एका सुधारणेचा परिणाम दुसरीवर होतो, म्हणून नुसती बेरीज चालत नाही.

हा गुंता सोडवायला संगणकावर इमारतीची प्रतिकृती उभारतात. ती केवळ चित्र नसते. भिंत कशाची, काच कोणत्या दिशेला, दिवे किती वॅटचे, माणसं कधी येतात-जातात, हे सगळं तिला सांगावं लागतं. त्या गावाचं हवामान जोडलं की ती वर्षाच्या ८,७६० तासांचा, एकेका तासाचा हिशेब मांडते. मग तो हिशेब प्रत्यक्ष बिलांशी ताडून पाहायचा. तो जुळत नसेल तर आपण भरलेली माहिती चुकली आहे. ती दुरुस्त होईपर्यंत प्रतिकृतीवर विसंबायचं नाही.

न्यूयॉर्कची १९३१ साली पूर्ण झालेली १०२ मजली एम्पायर स्टेट बिल्डिंग हे याचं उत्तम उदाहरण. २००९ मध्ये तिच्या ऊर्जासुधारणेची योजना जाहीर झाली. साठाहून अधिक कल्पना पुढे आल्या होत्या. त्या प्रतिकृतीवर एकेकट्या आणि एकत्र चालवून पाहिल्या आणि शेवटी आठ निवडल्या. अंदाज निघाला ३८ टक्के ऊर्जाबचतीचा.

यातलं खिडक्यांचं काम जवळून पाहण्यासारखं आहे. इमारतीला सुमारे ६,५०० दुहेरी काचेच्या खिडक्या होत्या. त्या फेकून नव्या आणल्या नाहीत. पाचव्या मजल्यावरच कार्यशाळा थाटली. रात्री खिडकी उतरवायची, दोन्ही काचा सोडवून धुवायच्या, मधे एक पातळ पारदर्शक पडदा ताणून बसवायचा, पोकळीत उष्णता अडवणारा वायू भरायचा आणि खिडकी पुन्हा जागेवर लावायची. जवळजवळ सगळी जुनी काच पुन्हा वापरात आली. खिडक्यांखालच्या रेडिएटरची बरीच ऊब मागच्या भिंतीतून रस्त्यावर जात होती, म्हणून त्यांच्यामागे उष्णता परतवणारे पत्रे लावले.

खरा लाभ दिसला तो तळघरातल्या चिलरमध्ये, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या अवाढव्य यंत्रांमध्ये. ती बदलून क्षमता वाढवायचा विचार होता. पण खिडक्या, दिवे आणि रेडिएटर सुधारले तर थंडाव्याची गरज सुमारे १,६०० टनांनी घटते, असं प्रतिकृतीने दाखवलं. मग नवी यंत्रं घेण्याचं कारणच उरलं नाही. जुनीच नीट दुरुस्त केली आणि नव्या यंत्रांचे कोट्यवधी डॉलर वाचले. खिडक्यांचा खर्च एकटा पाहिला असता तर तो महागच वाटला असता. यंत्रांवर वाचलेल्या पैशाशी जोडून पाहिल्यावर तो परवडणारा ठरला.

हाच क्रम उलटा झाला असता तर? आधी मोठी चिलर बसली असती आणि नंतर खिडक्या सुधारल्या असत्या, तर ती यंत्रं पुढची कितीतरी वर्षं अर्ध्या भारावर चालत राहिली असती. एकदा बसवलेलं यंत्र कोणी सहजासहजी काढत नाही.

तुमच्या सोसायटीत किंवा कार्यालयात मोठा एसी प्लांट बदलायचा ठराव येईल, तेव्हा एवढंच विचारा : ऊन, काचा आणि दिवे यांचा भार आधी किती कमी करता येईल, हे कोणी मांडून पाहिलं आहे का? ते उत्तर हाती येईपर्यंत यंत्राची ऑर्डर देऊ नका.