संत झेवियरचे अवशेष व इ. स. १६८३ ची गोव्यावरील स्वारी

छत्रपति संभाजी महाराजांच्या गोव्यावरील स्वारीचा विचार करतांना आपण बखरी व पत्रें धुंडाळतों. परंतु त्या स्वारीचा एक साक्षी जुन्या गोव्यांत बॉम जेझू या ख्रिस्तमंदिरांत आहे, याचा येथें थोडक्यांत परिचय करून देतों.

फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजीं गोव्यास उतरला. पोपचा प्रतिनिधि या नात्यानें त्याजपाशीं अधिकारपत्रें होतीं. तीं त्यानें तेथील बिशपापुढें ठेविलीं आणि स्वतः इस्पितळांत राहून रोग्यांची शुश्रूषा पत्करिली. त्याच्या नम्रतेची कीर्ति येथूनच सुरू होते. इन्क्विझिशनची मागणीही त्यानेंच १५४६ त पोर्तुगालच्या राजाकडे केली, हेंही नमूद केलें पाहिजे.

३ डिसेंबर १५५२ रोजीं तो चीनजवळील सांचियान बेटावर वारला. चुन्यांत पुरलेला देह मलाक्कामार्गें मार्च १५५४ त गोव्यास आला. १६१४ त उजव्या हाताचा कोपरापुढील भाग रोमला नेण्यांत आला. १६२२ त संतपद मिळालें. १६३७ च्या सुमारास गोव्याच्या कारागिरांनीं चांदीची पेटी घडविली.

नोव्हेंबर १६८३ त मराठ्यांनीं जुवें बेट घेतलें. तें सोडविण्यास गेलेला व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर पराभव पावून परतला. त्यानें संताची शवपेटी उघडविली व आपला राजदंड आणि राज्य संतास सोंपविल्याचा लेख आंत ठेविला. पुढें मोगल शाहजादा शहाआलम रामघाटानें उतरत असल्याचें कळतांच महाराजांनीं मोहीम आटोपती घेतली. पोर्तुगीजांनीं हा चमत्कार मानिला. कालक्रम लावून पाहतां कारण मोगल फौजेंत सांपडतें, असें आमचें मत आहे.

तथापि दंडाची हकीकत टाकाऊ नव्हे. ज्यानें आपलीं अधिकारपत्रें दुसऱ्यापुढें ठेविलीं, त्याच्याच प्रेतापाशीं राज्याचा धनी आपला दंड ठेवितो, यावरून गोव्याची त्या वेळची दशा जितकी कळते तितकी विजयाच्या वर्णनांवरून कळत नाहीं.

आज जो संगमरवरी चौथरा दिसतो तो टस्कनीच्या ग्रँड ड्यूकनें फोज्जिनी या शिल्पकाराकडून करविला व १६९८ त बसला; १६८३ चा प्रसंग कल्पितांना तो वगळावा.

पोर्तुगीज बाजू अशी लेखबद्ध आहे. डिसेंबर १६८३ चे मित्तीवार मराठी कागद कोणाच्या दप्तरीं असल्यास त्यांनीं ते अवश्य प्रसिद्ध करावे, अशी आमची विनंति आहे.